फोटोंचं वाळवण

मैत्रिणींनो, लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा काढावा, हे आपण या पानांवर नेहमीच वाचतो. आज मी जे सांगणार आहे ते वाचून तुम्ही म्हणाल, ही बाई भलतीकडेच कुठे शिरली! पण खरं सांगू? गेल्या काही वर्षांत माझ्या हातून लोणच्यापेक्षा जास्त वेळा बिघडलेली वस्तू कुठली असेल तर ती म्हणजे फोटो. एकदा तो इतका मोठा होता की जाईना, आणि एकदा इतका लहान झाला होता की कामाला येईना. दोन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं, म्हणून लिहायला बसले.

माझं माहेर बीड जिल्ह्यातलं धर्मापुरी. लग्न होऊन अंबाजोगाईला आले त्याला आता तीस वर्षं होतील. धर्मापुरीला किल्ला आहे, आणि केदारेश्वराचं जुनं, चालुक्यांच्या काळातलं दगडी देऊळ आहे. त्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर सुरसुंदरी कोरलेल्या आहेत. लहानपणी आम्ही मुली त्यांच्या अंबाड्यांकडे आणि दागिन्यांकडे बघत उभ्या राहायचो, आणि घरी आल्यावर उशीर झाला म्हणून बोलणी खायचो.

२०१८ सालची महाशिवरात्र. मी उपासाचं करून, मुलांना घेऊन माहेरी गेले होते. संध्याकाळी सगळेच देवळाकडे निघालो. दादाच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या भाच्याच्या हातात नवा फोन. तो भिंतीवरच्या मूर्तींचे फोटो काढत होता आणि मध्येच त्यानं फोन आईकडे वळवला. आमच्या आईला फोटोचं भारी वावडं. समोर कुणी कॅमेरा धरला की ती तोंड फिरवायची, नाही तर एकदम कोर्टात उभं राहिल्यासारखी ताठ व्हायची. पण त्या दिवशी ती भाच्याला म्हणाली, "आरं, बाया तिकडं भिंतीवर हायेत, माझं काय काढायलास?" आणि स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसली. नेमका तोच क्षण त्या फोनमध्ये आला. पदर सावरणारा एक हात, मागं काळा दगड, आणि आईचं हसू. तिचा हसतानाचा तेवढा एकच फोटो.

भाच्यानं तो लगेच आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हात जोडले, फुलं पाठवली. पुढं आठ-पंधरा दिवसांत त्याचा फोन भरला. आताच्या फोनांना जागा असते, त्या फोनला नव्हती. त्यानं त्या दिवसाचे सगळे फोटो पुसून टाकले. विचारलं तर म्हणाला, "ग्रुपवर हायेत की, आत्या!" त्याचं काय चुकलं? आपण सगळ्याच असंच समजतो. मीसुद्धा समजत होते.

२०२१ च्या उन्हाळ्यात आई गेली.

वर्षश्राद्धाच्या आधी दादानं ठरवलं की देवघराबाहेरच्या भिंतीवर आईचा मोठा फोटो लावायचा. कुठला, ते विचारायलाच नको होतं. ग्रुपवरचा तो फोटो वहिनीनं शोधला. आजूबाजूला दोन-चार माणसं आली होती, त्यांना कापून तिनं आईला मधोमध घेतलं आणि ते मला पाठवलं. मी फोन घेऊन स्टुडिओत गेले. बारा इंच रुंद, पंधरा इंच उंच अशी चौकट सांगितली. स्टुडिओतल्या दादांनी फोटो त्यांच्या मोठ्या पडद्यावर घेतला, पुढं-मागं केला आणि चष्मा काढून ठेवला. "ताई, यात ठिपकेच नाहीत हो," म्हणाले. मला वाटलं, मशीन खराब असेल. त्यांनी फोटो बारा इंचांएवढा करून दाखवला. आईच्या चेहऱ्याच्या जागी गव्हाळ, तपकिरी चौकोन होते. नुसते चौकोन. हसू कुठं गेलं ते कळेना.

घरी येऊन मी लेकाला फोन लावला. तो पुण्याला असतो, कॉम्प्युटरचं शिकलेला आहे. आईचा फोटो का गेला हे त्यानं मला त्या रात्री तासभर समजावून सांगितलं. त्याच्या भाषेतलं मला निम्मंच कळलं. उरलेलं निम्मं मी माझ्या भाषेत लावून घेतलं, तेच तुम्हाला सांगते.

आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना? फोटो म्हणजे तशीच रांगोळी. फक्त ठिपके रेषांनी जोडायचे नाहीत, प्रत्येक ठिपक्याला त्याचा त्याचा रंग द्यायचा. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. फोनच्या जाहिरातीत '१३ मेगापिक्सेल' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एका फोटोत सुमारे एक कोटी तीस लाख ठिपके. आता प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहून ठेवायला तीन आकडे लागतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. म्हणजे एका फोटोसाठी जवळजवळ चार कोटी आकडे! हे सगळं जसंच्या तसं ठेवलं तर एक फोटो चाळीस एम.बी.च्या घरात जाईल. पण आपल्या फोनमध्ये बघाल तर तोच फोटो चार-पाच एम.बी.चा असतो. मग बाकीचं जातं कुठं?

तर फोन ते वाळवतो. हो, वाळवतोच म्हणायचं. आपण उन्हाळ्यात मेथी वाळवतो तेव्हा ढीगभर भाजीची ओंजळभर होते. गेलं काय? पाणी. राहिलं काय? चव आणि वास. भाजी करताना भिजवली की पुन्हा फुलते, ताजीसारखी दिसते. पण अगदी ताजी होते का? नाही. तरी जेवणाऱ्याला चालते. फोटोचं तसंच. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक चटकन कळतो, पण रंगांतला बारीक फरक तेवढा कळत नाही. तेव्हा फोन फोटोचे आठ ठिपके रुंद, आठ ठिपके उंच असे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनातलं जे डोळ्याला कळणारच नाही ते टाकून देतो. याला जेपेग म्हणतात. तज्ज्ञांच्या ज्या मंडळानं ही पद्धत ठरवली त्याच्या इंग्रजी नावाची ही आद्याक्षरं. १९९२ साली ती जगभरासाठी मान्य झाली.

इथं मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. या वाळवणाचं जे गणित आहे ते ज्यांनी शोधलं ते नासिर अहमद आपल्या बंगलोरचे, जन्म १९४० चा. अमेरिकेत कॅन्ससला प्राध्यापक होते. १९७२ साली या कामासाठी त्यांनी सरकारी संस्थेकडे पैसे मागितले, तर अर्ज नामंजूर झाला, कल्पना फारच साधी आहे म्हणून! त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन हा त्यांचा विद्यार्थी आणि के. आर. राव हे मित्र, या दोघांबरोबर त्यांनी तो निबंध जानेवारी १९७४ मध्ये छापला. आज आपण नातवंडाचं जावळ व्हिडिओवर बघतो, लेकीशी समोरासमोर बोलतो, त्या सगळ्याच्या पोटात हे गणित आहे. २०२१ साली 'दिस इज अस' या अमेरिकी मालिकेच्या एका भागात त्यांची आणि त्यांच्या पत्नी एस्थर यांची गोष्ट दाखवली. साधी कल्पना म्हणून ज्याला नाकारलं त्याच्यावर सगळं जग फोटो पाठवतंय! आपल्याकडंही सुनेनं सांगितलेली साधी युक्ती कोण ऐकतं म्हणा.

दुसरी गोष्ट मात्र मला आवडली नाही. फोटो लहान करण्याचे प्रयोग करताना शास्त्रज्ञांना एखादा नमुन्याचा फोटो लागतो. १९७३ पासून जगभर त्यासाठी जो फोटो वापरला गेला तो लेना नावाच्या एका स्वीडिश मुलीचा, आणि तो घेतला होता पुरुषांच्या एका उघड्यावाघड्या मासिकातून. प्रयोगासाठी घेतला तो फक्त खांद्यापर्यंतचा, टोपीतला चेहरा. पण तिला कुणी विचारलं होतं का? पन्नास वर्षं तिचा चेहरा मुलं गणितासाठी दाबत राहिली, फुगवत राहिली. २०२४ साली आय. ट्रिपल ई. या अभियंत्यांच्या मोठ्या संस्थेच्या संगणक विभागानं सांगितलं की यापुढं हा फोटो असलेले निबंध घेणार नाही. उशिरा का होईना. असो.

तर आपण आईच्या फोटोकडे येऊ. फोननं काढतानाच तो एकदा वाळवला, ते ठीक. मग ग्रुपवर टाकला तेव्हा व्हॉट्सअपनं त्याचे ठिपके कमी केले आणि तो पुन्हा वाळवला. हे त्याचं नेहमीचंच आहे. लवकर जावा, समोरच्याचा फोन भरू नये म्हणून तो असं करतो. मग वहिनीनं कापाकापी केली, त्यात आईच्या वाट्याचेच तेवढे ठिपके उरले, आणि तो पुन्हा साठवताना आणखी एकदा वाळला. नुसता बघितल्यानं किंवा एका जागचा दुसऱ्या जागी उतरवून घेतल्यानं फोटोचं काही झिजत नाही. पण उघडून, काही फेरफार करून पुन्हा साठवला की दर वेळी थोडं जातं. वाळवलेली मेथी भिजवून पुन्हा वाळत घातली, परत भिजवली, परत वाळत घातली, तर शेवटी काय राहील? काड्या.

माझ्या हातात शेवटी जो फोटो आला तो होता ४०० ठिपके रुंद आणि ५०० ठिपके उंच. एक कोटी तीस लाखांतले दोन लाख. चांगल्या छपाईला एका इंचात तीनशे ठिपके लागतात. भिंतीवर लांबून बघायचं असेल तर दीडशेवर भागतं. मी मागितलेल्या बारा इंची चौकटीत आमच्या वाट्याला इंचाला तेहतीस येत होते. स्वच्छ छापायचा तर फोटो सव्वा इंच रुंद झाला असता. टपाल तिकिटाहून थोडा मोठा.

हे सगळं समजल्यावर मला भाच्याचा राग आला, वहिनीचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. चार वर्षं तो फोटो माझ्या फोनमध्ये रोज होता. मूळ कुठं आहे हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

आता दुसरी गोष्ट. ही अगदी उलटी.

त्याच भाच्याची बहीण, माझी भाची, बी.कॉम. झाली. बँकेत नोकरी करायची तिची फार इच्छा. दादा तसा वाईट नाही, पण गावात राहायचं म्हणजे चार लोकांची तोंडं असतात. त्यानं सरळ सांगितलं, "यंदाची परीक्षा दे. नाही जमलं तर दिवाळीनंतर स्थळं बघायची." मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींनी हे वाक्य ऐकलंय? मी ऐकलं होतं. मला तर परीक्षेची सवलतसुद्धा नव्हती.

अर्जाचा शेवटचा दिवस. संध्याकाळी साडेसातला तिचा फोन. रडवेला आवाज. "आत्या, फोटोच घेईना गेलाय! लाल अक्षरं यायलीत नुसती." गावातलं नेट कॅफे सहालाच बंद झालेलं, परळीला जायला गाडी नाही, आणि मुदत रात्री बाराच्या आत. मी म्हटलं, रडू नकोस, अगोदर ती लाल अक्षरं वाचून दाखव.

अशा अर्जांत फोटोला अट असते: २० ते ५० के.बी., २०० ठिपके रुंद आणि २३० उंच. सहीला १० ते २० के.बी. डाव्या अंगठ्याचा ठसा २० ते ५०. हातानं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र ५० ते १०० के.बी. आता एक एम.बी. म्हणजे सुमारे हजार के.बी. तिनं फोननं काढलेला फोटो चार एम.बी.चा, म्हणजे चार हजार के.बी. पन्नासच्या डब्यात चार हजार कसे मावणार? मग तिनं कुठलंसं अॅप उतरवून घेतलं आणि बटण दाबलं, तर फोटो झाला ९ के.बी.चा. आता अर्ज म्हणे, फारच लहान! तेच अॅप पुन्हा पुन्हा दाबून तिनं चेहऱ्याचा आईच्या फोटोसारखाच चौकोनी भुगा केला होता.

मी म्हटलं, "मूळ फोटो ठेवलायस ना? पुसला नाहीस ना?"

"हाय की."

बाई, जीव भांड्यात पडला. म्हटलं, तो मला डॉक्युमेंट म्हणून पाठव, फोटो म्हणून नको. हे तुम्हीही लक्षात ठेवा. व्हॉट्सअपमध्ये पिनेच्या खुणेवर बोट ठेवलं की गॅलरी, डॉक्युमेंट अशी नावं येतात. गॅलरीतून पाठवला की फोटो वाळवून जातो. डॉक्युमेंटमधून पाठवला की जसाच्या तसा, ताजा. २०२३ पासून गॅलरीतून पाठवतानाही एच.डी. असा पर्याय मिळतो. त्यानं बरा जातो, पण अगदी मूळ नाही.

धर्मापुरीत घरात रेंज नीट येत नाही, म्हणून ती गच्चीवर गेली. चार एम.बी.चा तो फोटो माझ्याकडे यायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळाकडे बघत कणीक मळत होते. आमचे हे म्हणाले, "इतकं काय आहे त्यात?" मी काही बोलले नाही. सगळंच यांना सांगायचं म्हटलं तर पोळ्या कधी व्हायच्या?

फोटो आल्यावर लेकानं शिकवलेल्या क्रमानं केलं, आणि हा क्रमच महत्त्वाचा आहे. आधी कापायचं, मग ठिपके कमी करायचे, आणि वाळवणं सगळ्यांत शेवटी. तिनं फोटो उभ्यानं, पूर्ण अंगाचा काढला होता. मागं पत्र्याची शेड, दोरीवरचे कपडे, सगळं होतं. डोक्यापासून खांद्यापर्यंतच ठेवला. मग २०० गुणिले २३० केला, म्हणजे झाले शेहेचाळीस हजार ठिपके. एक कोटीवरून शेहेचाळीस हजारांवर आल्यावर फाइल आपोआपच एवढीशी झाली. दाबायची गरजच उरली नाही. दर्जाचा एक सरकता काटा असतो, तो नव्वदच्या जवळ ठेवला. फोटो झाला २८ के.बी.चा, आणि चेहरा लख्ख. तिचं अॅप उलटं करत होतं: ठिपके तेवढेच ठेवून नुसतं दाबत होतं. उसाचं चिपाड पुन्हा पुन्हा चरकात घातल्यासारखं.

तुम्ही विचाराल, हे केलं कशावर? मी स्कूश नावाचं पान वापरते, गूगलच्या माणसांनी तयार केलेलं, फुकट. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये उघडतं. मला ते आवडतं याचं कारण वेगळंच आहे: फोटो बाहेर कुठं जात नाही, सगळं काम आपल्याच यंत्रात होतं. एका बाजूला मूळ फोटो, दुसऱ्या बाजूला वाळवलेला, मधली रेघ सरकवून फरक डोळ्यांनी बघता येतो. नुसते ठिपके कमी करायचे असतील तर कॉम्प्युटरवरच्या पेंटमध्येही 'रिसाइझ' आहे. काही फोनांच्या गॅलरीतही आकार बदलायची सोय असते, आपापल्या फोनमध्ये बघा.

सहीनं मात्र दमवलं. पहिली सही तिनं रेघांच्या वहीवर, पिवळ्या बल्बखाली केलेली. फोनची सावली कागदावर, रेघा निळ्या, सही फिकट. म्हटलं, कोरा पांढरा कागद घे, काळ्या शाईचा पेन घे, आणि ट्यूबखाली उभी राहा. दिवा समोर ठेव, पाठीमागं नको. दुसरी आली ती छान आली. मी ती अर्जात सांगितलेल्या मापाची, १४० गुणिले ६० केली, तर झाली चार के.बी.! कमीत कमी दहा पाहिजे. बघा, लहान करता करता आपण किती लहान करतो ते कळतच नाही. ठिपके दुप्पट केले, रुंदीतही आणि उंचीतही, तेव्हा कुठं ती बारावर आली. ते माप 'शक्यतो' असं लिहिलेलं होतं, त्यामुळं चाललं. जिथं माप सक्तीचं असेल तिथं अशी मोकळीक घेऊ नका.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी चारही फाइली तिला परत पाठवल्या, अर्थात डॉक्युमेंट करून. यायला अकरा मिनिटं लागली होती, जायला डोळ्याची पापणी लवली तेवढाच वेळ. दहाच्या सुमारास तिचा फोन आला. "झालं, आत्या!" मागून दादाचा आवाज ऐकू आला, "जेवायला चल म्हणावं आता." मीही तेव्हाच जेवले. पोळ्या गार झाल्या होत्या.

हे सगळं मी आमच्या भिशीत सांगितलं, तर दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या वहिनींनी माझं नाव सांगून गोंधळ घातला. त्या घरून साड्या विकतात. इरकली, खणाच्या, अधूनमधून पैठणी. मी डॉक्युमेंटचं सांगितलेलं त्यांनी मनावर घेतलं आणि रंग हुबेहूब दिसावेत म्हणून चाळीस साड्यांचे चाळीस फोटो सव्वाशे गिऱ्हाइकांना डॉक्युमेंट करून पाठवले. एकीनंही उघडले नाहीत. उघडणार कशा? एकेका फोटोला पाच एम.बी., चाळिसांचे झाले दोनशे! ज्यांनी उघडायचा प्रयत्न केला त्यांचं त्या दिवसाचं इंटरनेट संपलं. एक बाई तर त्यांना म्हणाली, "तुमची साडी बघण्यापेक्षा दुकानात जाऊन येणं लवकर होतं."

माझीच चूक. मी सांगायला हवं होतं की प्रत्येक फोटोचं वाळवण त्याच्या कामाप्रमाणं करायचं. साडी दाखवायची आहे फोनच्या एवढ्याशा पडद्यावर. तिथं रुंदीला हजार-बाराशे ठिपके भरपूर झाले, दोनशे के.बी.त काम होतं. गिऱ्हाईक म्हणालंच की काठ जवळून दाखवा, तर काठाचा वेगळा फोटो काढून पाठवावा. आणि उजेडाचं म्हणाल तर साडीचा रंग बदलतो तो फाइल लहान झाल्यानं नव्हे, ट्यूबलाइटखाली काढल्यानं. सकाळी खिडकीजवळ धरा. वहिनींनी तसं केलं. आता त्यांचे फोटो पटकन उघडतात, साड्याही खपतात, आणि मला मात्र त्या अजून सवलत देत नाहीत.

डॉक्युमेंटची आणखी एक बाजू आहे, तीही सांगून ठेवते. मूळ फोटोच्या पोटात तो कधी आणि पुष्कळदा कुठं काढला हेही लिहिलेलं असतं, अगदी नकाशावर टिंब दाखवता येईल असं. गॅलरीतून पाठवलेल्या फोटोतून व्हॉट्सअप ते काढून टाकतं. डॉक्युमेंटमधून मात्र ते तसंच जातं. तेव्हा घरच्यांना, ओळखीच्यांना ठीक आहे. अनोळखी गिऱ्हाइकाला किंवा लेकीसाठी आलेल्या स्थळाला घरात काढलेला फोटो असा पाठवू नका. फोनच्या कॅमेऱ्यात ही ठिकाणाची नोंद बंदही करता येते.

आणि आधार कार्ड. अर्ज भरताना घाईघाईत आपण 'फोटो लहान करा' असं शोधतो, आणि जे पहिलं पान उघडेल त्याच्या तोंडात आधार, पॅन, पासबुक, सगळं घालतो. दारावर आलेल्या भांडीवाल्याला आपण कपाटाची किल्ली देऊ का? असल्या पुष्कळ पानांवर आपला कागद त्यांच्याकडे जातो आणि तिकडून लहान होऊन परत येतो. परत आला म्हणजे त्यांच्याकडे राहिला नाही असं नव्हे. असे कागद आपल्याच यंत्रात लहान करावेत. आणि जिथं चालत असेल तिथं आधारचा पहिले आठ आकडे झाकलेला नमुना द्यावा. तो सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेता येतो.

कागदाचा फोटो आणखीही एका बाबतीत वेगळा असतो. अक्षरं म्हणजे पांढऱ्यावर एकदम काळं. जेपेगच्या वाळवणात अशा धारदार कडांभोवती धुरकट डाग पडतात. म्हणून गुणपत्रिका, सातबारा असलं काही असेल तर फार दाबू नये. रंगीत ऐवजी काळा-पांढरा घ्यावा, कडेची सतरंजी नि पाय कापून टाकावेत. एवढ्यानंच पुष्कळ फरक पडतो. आमच्या एका नातेवाइकांनी सातबारा पाठवला होता, त्यात निम्मी जागा त्यांच्या मांजरानं व्यापली होती.

तर आईचा फोटो. त्याचं काय झालं विचाराल. मी गावात सगळ्यांना विचारलं. त्या दिवशी बरोबर असलेल्या चुलत बहिणीकडे, काकूकडे, प्रत्येकीच्या फोनमध्ये तोच ग्रुपवरचा फोटो. भाच्यानं जुना फोन विकून टाकलेला. हल्ली यंत्र आपल्या मनानं ठिपके भरून चेहरा स्वच्छ करून देतं, असं लेक म्हणाला आणि त्यानं तसा करून पाठवलाही. चेहरा खरंच लख्ख होता. पण ती आई नव्हती. दात सरळ होते. आमच्या आईचा वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला होता, हसली की तो आधी दिसायचा. मी वहिनीला दाखवला, तिनं नुसती मान हलवली. तो आम्ही लावला नाही.

शेवटी वहिनीनं कापलेला फोटो बाजूला ठेवून, ग्रुपवर पहिल्यांदा आलेला पूर्ण फोटो मी डॉक्युमेंट म्हणून स्टुडिओत दिला. स्टुडिओतल्या दादांनी तो पोस्टकार्डाएवढा छापला. त्यात आई लहान दिसते, शेजारी काकू आहे, कोपऱ्यात भिंतीवरच्या सुरसुंदरीचा कोपर आहे. पण हसू आहे. आता तो दादाच्या घरात देवघराबाहेर मोठ्या चौकटीत, चहूबाजूंनी रुंद पांढरा पुठ्ठा सोडून लावला आहे. पाहुणे आले की उठून जवळ जाऊन बघतात.

त्यानंतर आमच्या घरात एक नवीन काम सुरू झालं. वर्षातून दोनदा, दिवाळीत आणि मे महिन्यात, मी एक लहानशी हार्ड डिस्क घेऊन धर्मापुरीला जाते. प्रत्येकाच्या फोनमधले मूळ फोटो तीत उतरवून घेते. तशीच दुसरी लेकाकडे पुण्याला असते. गूगलकडे फुकट हवे तेवढे फोटो ठेवायचे दिवस १ जून २०२१ पासून संपले. आता पंधरा जी.बी.त टपालासकट सगळं भागवायचं असतं, म्हणून फक्त त्याच्यावर मी विसंबत नाही. उतरवून झालं की मग फोन खुशाल मोकळे करा म्हणते. 'सुप्रभात'ची फुलं मात्र मी उतरवत नाही. तेवढी वगळली तरी निम्मी जागा वाचते, तुम्हीही करून बघा.

मागच्या दिवाळीत ओट्यावर बसून हेच चाललं होतं. वहिनी म्हणाली, "वन्सं, एकाच देवळाचे चौदा फोटो कशाला ठेवायलाव? एक ठेवा की." मी म्हटलं, राहू देत. भाची आली होती, तिच्या परीक्षेचा पहिला टप्पा पार पडला होता, दुसऱ्याची तयारी चालू होती. स्थळांचा विषय त्या चार दिवसांत कुणी काढला नाही. तिनं आपल्या आईचा, म्हणजे वहिनीचा, करंज्या तळतानाचा फोटो काढला, वहिनी झारा उगारून "जा तिकडं!" म्हणून हसत होती. दोन मिनिटांत माझ्या फोनवर टुण्ण झालं. उघडून बघितलं तर फोटो गॅलरीतून आलेला.

मी आतून ओरडले, "अगं, डॉक्युमेंट करून पाठव! आणि तुझ्यातला पुसू नको."

"नाही पुसत, आत्या," ती म्हणाली, आणि गच्चीवर रेंज शोधायला गेली.